दोघांपैकी कोणीही

१२ नोव्हेंबर १९८५, लक्ष्मीपूजन
पाटावर दरवर्षीप्रमाणे पासबुक. दादाचं नि माझं, जॉइंट. दहा वर्षं त्याला हळदकुंकू वाहतेय, उघडून कधी बघितलं नाही. मी पगार आणून द्यायचा, बँकेचं सगळं दादा बघणार. आज निरांजनातलं तूप सांडलं, म्हणून पुसायला उघडलं. ऑक्टोबरात चौदा हजार काढलेत. शिल्लक सहाशे अकरा.
मुलुंडच्या खोलीचा हप्ता पाच डिसेंबरला. चुकला तर बिल्डर माझं नाव खोडणार. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं दार मिळत होतं.

१३ नोव्हें., पाडवा
दादाला विचारलं. चहा ढवळत बसला. म्हणे, मित्राबरोबर चेंबूरला व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकतोय. "वर्षात दुप्पट करून देतो, सुमे."
"मला विचारलंस?"
"घरातल्या घरात काय विचारायचं?"
वहिनी पुऱ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं.

१४ नोव्हें., भाऊबीज
ओवाळलं. न ओवाळून सांगते कुणाला. तबकात एकावन्न रुपये टाकले त्याने. माझेच. संताप संताप झाला. अक्षता टाकताना दिसलं, टक्कल पडत चाललंय त्याला. मग रडूच आलं, मेलं.

१५ नोव्हें.
अर्धी रजा टाकून बँकेत. काउंटरवरचे गृहस्थ सभ्य. जुना फॉर्म काढून दाखवला. 'दोघांपैकी कोणीही.' खाली माझी सही, बाविसाव्या वर्षाची, वेलबुट्टी काढलेली. बाबा म्हणाले होते, मुलीच्या जातीला एकटीचं खातं कशाला. केली सही.
"काढायला एकाची सही पुरते, बाई. दोघांची लागेल असं करायचं, तर त्या अर्जावर मात्र दोघांची हवी."
निघताना म्हणाले, "त्यांनी भरलेले पैसे तुम्हीही काढू शकता."

१८ नोव्हें.
अर्ज दादासमोर ठेवला. "एवढा अविश्वास?" म्हणाला, आणि त्यावरच कपबशी ठेवून उठला. डाग पडलाय. सही नाही.

३० नोव्हें.
माझा पगार या महिन्यात घरात दिला नाही. कुणी मागितलाही नाही. दादाचा आता ऑफिसातून परस्पर खात्यात जातो. आज जमा झाला असेल. त्याचा नि माझा मिळून हप्ता बरोब्बर भागतो.
वहिनी म्हणाली, "वन्सं, सोमवारी हे पैसे आणतील. वाण्याचं राहिलंय, छोटीची फी पण."
हूं म्हटलं. पैसे काढायची स्लिप आजच भरून ठेवली. सही अजून तशीच वेलबुट्टीची येते.

२ डिसें., सोमवार
बँकेच्या बाकावर. दादा दुपारी येईल, जेवणाच्या सुट्टीत. निघताना वहिनीने डबा हातात दिला, तोंडल्याची भाजी केलीय, मला आवडते म्हणून. डबा अजून गरम लागतोय मांडीला.
पुढे दोन माणसं आहेत.