तुमच्या तबकड्या न वाजवणारं यंत्र

बाबा, गेल्या आठवड्यात अंधेरीला जाऊन मी गाणी वाजवायचे दोन डेक आणि एका गाण्यात दुसरं मिसळायचा एक मिक्सर विकत घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुकानाच्या पायऱ्या चढताना वाटत होतं, आत गल्ल्यावर तुम्हीच बसलेले असाल.

खालच्या मजल्यावरच्या मुलीची हळद आहे. डीजेवाला परवडत नाही, मंडळाचे स्पीकर आणू आणि मोबाइलवरच गाणी लावू, असं जिन्यात चाललं होतं. मी म्हणालो, "मी वाजवतो." मुलाने कपाळाला हात लावला. "बाबा, गप बसा ना घरात. लोक हसतील." त्याच दिवशी मी भिशीचे पैसे उचलले.

घाटकोपरच्या चाळीत तुमचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नात तुम्ही मांडवात खुर्ची टाकून तबकड्या लावायचात आणि मी शिडीवर कर्णे बांधायचो. मुलुंडचं ते लग्न आठवतं? गाणं संपलंय, तुम्ही चहा पिताय, म्हणून मी सुई उचलायला हात पुढे करतो. तुम्ही पाहुण्यांसमोर माझं मनगट धरता. "हात थरथरतत तुझे. सुयेक हात लावू नको. कर्णे बांध, जा." वऱ्हाडी हसतात. मी शिडी चढतो. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून धंदा बंद होईपर्यंत मी कर्णेच बांधले, मग कारखान्यात लागलो. हात थरथरायचे, मान्य. पण तुमच्या भीतीने थरथरायचे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी सांगतोय.

तुम्ही कुठलंही यंत्र भाव विचारण्याआधी उचलून बघायचात. जड ते चांगलं, आत तांबं भरपूर. मीही दुकानात एकेक उचलत सुटलो. दुकानदार म्हणाला, "काका, कलिंगड घेताय का?" त्याने दिव्यांनी लखलखणारा एक पाटासारखा प्रकार दाखवला, पण त्याला लॅपटॉप लागतो. लॅपटॉप नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग नातवालाच घेऊन या ना."

"नातवासाठी नाही. माझ्यासाठी घेतोय."

तेव्हा कुठे तो सरळ बोलायला लागला. नवशिक्याने दिव्याबटणांवर पैसे घालवू नयेत. मिक्सरची सरकपट्टी हलकी चालते का बघावं, आणि पुढचं गाणं आधी हेडफोनवर आपल्यालाच ऐकता येतं का, ते बघावं. पेनड्राइव्हवर चालणारे वापरलेले डेक माझ्या पैशांत बसत होते. मी पट्टी इतक्यांदा सरकवली की तो ओरडला, "काका, झिजली तर तुमच्याच गळ्यात मारीन हां!"

मग कोपऱ्यात एक रेकॉर्ड प्लेअर दिसला. जुन्या तबकड्यांच्या जलद वेगानेही फिरणारा. तुमच्या लाखेच्या तबकड्या माझ्या पलंगाखाली ट्रंकेत आहेत, त्या अशाच यंत्रावर वाजतात. पैसे एकालाच पुरणारे. तो घेतला असता तर तुम्ही पुन्हा वाजला असतात आणि मी पुन्हा बाजूला बसून ऐकलं असतं. उचलून पाहिला. चांगला जड होता. खाली ठेवला आणि म्हणालो, "डेकच बांधून द्या."

घरात रोज सराव करतो. वायरी नीट बसल्यात ना, हे पुन्हापुन्हा उठून बघतो. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ताल जुळत नाही. तुमची सून म्हणते, "अहो, मांडणीवरची भांडी पडली की काय!" पडू देत. मुलगा अजून म्हणतो लोक हसतील. हसू देत. या वेळी मला कोणी शिडीवर पाठवू शकत नाही. तुमच्या तबकड्या ट्रंकेतच राहतील, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी करून मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात ठेवतोय. हळद उद्यावर आली आहे. पेनड्राइव्ह गाण्यांनी भरलाय, आणि सुरुवात कुठल्या गाण्याने करायची, ते मला सकाळपासून ठरवता येत नाहीये. तुम्ही असतात तर तेवढं विचारलं असतं.