मिरगीचा डाग

आये,

तू जाऊन साठ वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुला काही सांगावंसं वाटलं नाही, आणि आता वाटतंय तर मी नव्वदीला टेकलेय. हात कापतो. अक्षर तर पहिल्यापासूनच कोंबडीनं पाय आपटल्यासारखं. दुसरीतनं शाळा सुटली माझी. का सुटली ते तुला ठाऊक आहे. तेच लिहायला बसलेय.

आपली नगरातली पत्र्याची खोली आठव. पाथर्डीकडनं आलो तेव्हा लढाई चालू होती, बाप पलटणीत गेलेला आणि त्याची पत्रं यायची थांबलेली. तू बिड्या वळायचीस. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं बाई जप करतेय. जप कसला, तोंडात शिव्यांची माळ. मी आठ वर्षांची. माझ्याकडं कामं दोनच. वळलेल्या बिड्यांची तोंडं दुमडायची आणि संध्याकाळी उद्याची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. गोणपाटात राहिली की पानं सकाळी मऊ असतात, कापता येतात, वळता येतात. उघडी राहिली तर वाळून जातात, मग त्यांचा चुरा होतो.

दिवस उतरला की तू बिड्यांची टोपली डोक्यावर घेऊन कारखान्यात जायचीस. परत आलीस की मी तुझ्या तोंडाकडं बघत नसे, टोपलीकडं कान देई. टोपली हळू टेकली तर बिड्या पास झाल्या. आपटली तर छाट निघाली, म्हणजे तपासणाऱ्यानं खराब म्हणून काढल्या आणि तुझ्यादेखत मोडून टाकल्या. तिथं तुला ब्र काढायची सोय नव्हती. वाटेत तरी राग कुणावर काढणार? घरी यायचीस. घरी मी होतेच, मग तुझा उजवा हात चालायचा. आजही लेकीकडं सावेडीत भांडीवाली बाई बादली जोरात ठेवते तेव्हा माझी मान खांद्यात जाते. ती म्हणते, आजी, थंडी वाजते का? मी म्हणते, व्हय बाई, वाजते.

त्या संध्याकाळी मी गजगे खेळत बसले आणि गोणपाट राहिलं. लबाडी नव्हती गं, ध्यानातनं गेलं. सकाळी तू भाकरी थापतेस, तव्यावर एक आहे, आणि हात पुसून पानांचा गठ्ठा उघडतेस. एक पान उचलतेस, ते पापडासारखं मोडतं. दुसरं उचलतेस. तेही तसंच. तू काहीच बोलत नाहीस. तू शिव्या देत असलीस की मला भीती नसायची, तू गप्प झालीस की मी उभ्या जागी ओली व्हायची. चुलीत उलथनं होतं, ते उजव्या हातात घेतलंस. तू माझं मनगट धरलंस. पुढचं लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला एवढं पुरे.

माझं ओरडणं ऐकून शेजारची मावशी धावत आली. तीही बिड्यावालीच, मांडीवरचं सूप तसंच बगलेत.

"अगं बया! काय केलंस हे पोरीला?"

तू माझ्याकडं पाहिलंस, मग उलथन्याकडं. आणि म्हणालीस, "मिरगी आली तिला. डोळं फिरवलं. म्हनून डाग दिला."

"मंग बरं केलंस," मावशी म्हणाली. तिच्या जिवात जीव आला. "माझ्या भावाच्या पोराला असाच दिल्ता, बरा झाला. वहान हुंगवली का?"

"न्हाई."

"काय बाई तरी तू!" म्हणून तिनं पायातली वहाण काढली आणि माझ्या नाकाला लावली.

झालं. गल्लीभर झालं. त्या दिवसापासून मी मिरगीवाली. ठेच लागून पडले की कुणीतरी वहाण घेऊन पळत यायचं. उन्हात जरा टक लावून बसले की वहाण. आये, नगरातल्या इतक्या लोकांच्या वहाणा हुंगल्यात मी, की माणूस कोणत्या कामाचा ते नुसत्या वासावरनं सांगितलं असतं. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. आठवड्यानं मास्तर दारात आले, "पोरगी वर्गात पडली बिडली तर मी कुणाला तोंड दाखवू?" म्हणाले, आणि तू मान हलवलीस. पाटीपेन्सिल शेजारणीच्या लेकीला दिलीस.

पण एक आहे. मावशी गेल्यावर तू दार लोटलंस, माझा हात मांडीवर घेतलास, कोरफड सोलून लावलीस आणि त्यावर फुंकर घालत राहिलीस. किती वेळ ते सांगता येणार नाही, भाकरी करपून काळी झाली तरी तू उठली नाहीस. तुझ्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. माझ्या उभ्या जन्मात तू मला एवढं जवळ घेतलेलं आठवत नाही. मग म्हणालीस, "कुनाला सांगू नगंस." मी नाही सांगितलं. लोकांना वाटेल भीतीनं. भीती होतीच. पण त्या फुंकरीसाठीही गप्प बसले. पुन्हा कधीतरी घालशील असं वाटत होतं.

इंग्रज गेले, झेंडा बदलला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला बघायला राहुरीकडची माणसं आली. मुलगा शिवणकाम करायचा, वीस-बावीसचा असेल. खाली मान घालून बसलेला, पण एकदा वर बघून हसला होता. त्याच्या आईनं माझा हात हातात घेतला, बांगड्या सरकल्या. "हा कसला गं डाग?" मी तुझ्याकडं पाहिलं. आये, मी तुझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी म्हणशील, भाजलं चुलीवर. एवढं खोटं तरी माझ्या बाजूचं बोलशील. पण मावशी उंबऱ्यात बसली होती, सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि तुला आता फिरता येत नव्हतं. "ल्हानपनी मिरगी यायची," म्हणालीस, "आता न्हाई येत." त्या बाईनं माझा हात तापलेलं भांडं ठेवावं तसा खाली ठेवला. चहा बशीत तसाच राहिला.

मग राहुरीलाच, पण बिजवराला दिलंस. माझ्या तिप्पट वयाचा. माणूस वाईट नव्हता, नुसता म्हातारा होता. त्यालाही मी मिरगीच सांगितली. लेकीलाही तीच सांगितली.

माझ्या घरात उलथनं कधी आलं नाही. साठ-सत्तर वर्षं भाकरी बोटांनी उलटली. बाया कौतुक करायच्या, काय हात आहे म्हातारीचा! बोटांची टोकं मेलीत बायांनो, कौतुक कसलं. लेकीवर एकदाही हात टाकला नाही. राग चढला की मी अंगणात जायची आणि बाहेरनं कडी घालायची, ती आत रडायची, मी बाहेर उभी. हात इतका आवरला की जवळ घ्यायलाही उचलला नाही. परवापरवा ती म्हणाली, "आई, तू मला कधी कुरवाळलेलं आठवत नाही." मी म्हटलं, तुला उवा होत्या. दुसरं काय सांगू?

शेवटी तू माझ्याकडंच आलीस, दोन महिने अंथरुणात. मी भरवायची तुला. एकदा घास गिळून तू माझं मनगट धरलंस. मी दचकले, वाटी सांडली. तू बांगड्या हळूहळू सरकवून डागावर आणल्यास आणि म्हणालीस, "ढिल्या झाल्या गं तुझ्या बांगड्या." एवढंच. मी थांबले होते, अजून काही बोलशील म्हणून. चार दिवसांनी गेलीस.

आता सांगते हे आज का उकरलं. नातीची मुलगी दोन वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात ताप चढला आणि तिला झटका आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला फिट्स? माझी लेक भोळी. म्हणाली, "आमच्या आईला होत्या. डागलं होतं तिला." लगेच नातीची सासू उठली, "बघा! लग्न ठरवताना बोललात का हे? आमच्या घराला लावून दिलंत." नात पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मला ओळखू आलं, आये. त्या दिवशी मी तुझ्याकडं तसंच बघितलं होतं.

मी म्हटलं, "खोटं हाय ते. मला मिरगी कधीच नव्हती."

"मग आजी, हा डाग?" नातीनं विचारलं.

"माझ्या आईनं दिला. पानं वाळली म्हणून."

 मग सासू म्हणाली, "सख्खी आई असं करेल का कधी?"

"केलं तिनं," मी म्हटलं. "तुमच्या-माझ्यासारखीच बाई होती. लेकराला तापातनं झटका आला आणि तुम्ही दोष शोधताय. मग ही काय तुमची सावत्र नात आहे?"

 डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलेलं खोडलं. तापातला झटका असतो, म्हणाल्या, लहान मुलांना येतो, घाबरू नका. माझी लेक भिंतीला टेकून रडत होती. नव्वद वर्षांची मी, आणि मला वाटलं आता दारात टोपली आपटणार.

मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आजी, असं त्यांनी एकदाच केलं?"

"एकदाच," मी म्हटलं.

बघ. एवढं सगळं सांगून शेवटी तुझीच बाजू घेतली. पाठ काही कुणी उघडून बघितली नाही.

हा कागद कुठं टाकायचा नाही. टाकला असता तरी तुला वाचता कुठं येत होतं? कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायला हवं. तू बोलावलंस तर मी येईन आणि बसेनही. पण तुझ्या डाव्या हाताला बसेन.