केळीच्या चिकाचा डाग

रावेर, माघ वद्य पंचमी, शके १८७५. संध्याकाळ.

आज ह्यांचं जुनं धोतर लाल रंगवलं. बाळाला पाठीशी बांधून मळ्यात न्यायला झोळी हवी. हे जाऊन तिसरा महिना, तरी रडू येत नाही. का, कोण जाणे.

रंगाच्या पुडीबरोबर मूठभर मीठ घालून उकळलं. चिकाचा काळा डाग उरलाच. हेच धोतर घडी करून खांद्यावर टाकायचे, वर केळीचा घड.

सासूबाई म्हणाल्या, “डाग तं तसाच हाये. लोकाइले दिसाले नको, आत घे.”

आत घेतला. झोळी बांधून पाहिली, तर डाग नेमका बाळाच्या गालाखाली आला. बाळ तिथंच गाल टेकून झोपलं. ह्यांच्या खांद्यावर झोपायचं, तसंच.