पाच फूट आठ इंच

मु. पो. हट्टा

तीर्थस्वरूप दाजींना व्यंकटचा रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? ताईचे गुडघे वसमतच्या थंडीत फार दुखत नसतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल, मीही रविवारपासून खुशाल. फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही विचाराल. तर आमचा फोन हल्ली लेकीच्या, कोमलच्या, धावण्याचे सेकंद मोजतो. (ताईची ही भाची पोलीस भरतीला उतरली आहे. मागच्या खेपेला थोडक्यात राहिली आणि आठ दिवस नीट जेवली नाही. येत्या गुरुवारी हिंगोलीला पुन्हा मैदानी चाचणी आहे.) वेळ मोजायला या, असं ती मला महिनाभर म्हणत होती. मी म्हणायचो, हळदीचं उरकू दे.

हळद म्हणजे आपली नव्हे, बांधापलीकडच्या नरसिंगची. आपली मांडीला लागते, त्याची कमरेला. रोज पहाटे मी त्याच्या रानात मोजपट्टी लावून यायचो आणि मग दिवसभर मला अन्न गोड लागायचं नाही. पुढे नरसिंगनं कुंपण घातलं (कशामुळे, मला ठाऊक नाही) आणि मोजणी बंद पडली. मग मी हॉटेलवाल्या उत्तमसिंगला चहा पिता पिता विचारलं, नरसिंगच्याची उंची किती असेल? (हळदीच्या दिवसांत आमच्याकडे ‘हळद’ हा शब्द कुणी वेगळा बोलत नाही, तो धरलेलाच असतो.) तो म्हणाला, पाच फूट आठ इंच. दाजी, माझा कप बशीत आडवा झाला. रोगबिग काही? तो म्हणाला, छे, पुण्याचं पाणी मानवलंय. मी समजलो, पुण्याहून नवीन औषध आणलंय. घरी येऊन असा युरिया फेकला की आपल्या हळदीला आता पानंच पानं आहेत, जमिनीत काय आहे ते देव जाणे.

रविवारी सकाळी नरसिंग, त्याची बायको बेबीबाई आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा भागवत, तिघंही इस्त्रीच्या कपड्यांत, पेढे घेऊन दारात. मला वाटलं, हळदीचा तोरा मिरवायला आलेत. तर बेबीबाई म्हणाल्या, तुम्ही आमच्या पोराची उंची, तब्येत विचारलीत, आमचं हुंड्याबिंड्याचं काही मागणं नाही. पाच फूट आठ इंच माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं! काय ते कबूल करावंच लागलं. नरसिंग हसून हसून खुर्चीवरून घसरला, भागवतचा जीव भांड्यात पडला (त्याचं पुण्यात काहीतरी जमलेलं दिसतं). धावून घामाघूम झालेली कोमल एवढा वेळ दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती हसली नाही.

“आबा, त्यायच्या हळदीची उंची तुमाला बोटाबोटानं ठाऊक हाय,” ती म्हणाली. “माझी किती हाय, सांगा बरं.”

लाज वाटली हो, दाजी. एकुलती एक लेक, आणि मी कित्येक महिने तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं.

सोमवारपासून पहाटे मी फोन घेऊन रस्त्यावर उभा असतो. पहिल्या दिवशी बटण दाबायचंच विसरलो, तिला पुन्हा पळावं लागलं आणि तिनं अबोला धरला. पण काल तिनं चार सेकंद कमी केले. मी एवढ्यानं ओरडलो की तिच्या आईला वाटलं साप निघाला. इतका आनंद मला हळदीच्या कुठल्याच भावानं दिला नव्हता. (उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. केव्हाही विचारा.) दुसऱ्याशी बराबरी करणं मी आता कायमचं सोडलं आहे.

आपला,
व्यंकट

ता. क. तुमची शिवकन्याही भरतीसाठी पळते म्हणे. आठशे मीटरला किती वेळ लागतो तिला? सहज विचारतो.

ता. क. वरची ओळ कोमलनं वाचली, उत्तर कळवू नका. खरं काम असं की गुरुवारी हळदीला पाण्याची पाळी आहे आणि मला मैदानावर तिच्याजवळ उभं राहायचं आहे. बुधवारी मुक्कामाला या. नाही जमलं तरी मी जाणारच, हळद सुकली तर सुकू दे.

ता. क. दाजीमामा, मी कोमल. घरच्यायला मैदानात सोडत न्हाईत, गेटबाहीरच थांबवतात. आबांना मी हे सांगितलं न्हाई. तुमी नक्की या. ते गेटबाहीर हायेत एवढं ठाऊक असलं तरी मी पळंन.