कंबरेवरून घेतलेलं घर

अहमदपूर, शनिवार

दोस्त ईश्वरप्पा यास ग्यानोबाचा शरणार्थ. तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईंचं पथ्य पाळतोस का, का अजून चोरून भजी खातोस? इकडं सगळे खुशाल, मी सोडून. मला शरमेचं दुखणं झालंय. फोनच करणार होतो, पण तू “बोल की” म्हणतोस अन् माझी बोलती बंद होते, म्हणून पत्र.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या चार महिने आधी तुझ्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. कॅमेरा भाड्याचा, अन् मालकानं बजावलेलं, की स्टँडवरून उचलायचा नाही. म्हणून अख्खं लग्न मी एका खुर्चीत बसून, झूम मागंपुढं करत काढलं, अन् तू गावभर सांगत फिरलास, ग्यानोबाची कला बघा. त्या नावावर माझा स्टुडिओ चालला. आता लातूरच्या क्लासवाल्यांच्या तासांचं शूटिंग करतो. (तिथंही स्टँडच. सर फळ्यापुढं नाचतात, मी बसून असतो.)

भूकंपात तुझं घर गेलं, आई गेली, लग्नाची कॅसेटही ढिगाऱ्यात गेली. आईचा एक फोटो उरला नाही म्हणून तू माझ्याकडं मूळ कॅसेट मागितलीस. मी म्हणालो, तिच्यावर दुसरं लग्न घेतलं. ईश्वरप्पा, ते साफ खोटं होतं. कॅसेट चोवीस वर्षं माझ्या ट्रंकेत आहे. कारण ऐक. त्या दुपारी मला जेवायला कुणी विचारलं नाही. (कॅमेरावाल्याकडं बघून सगळे हसतात, वाढत कुणी नाही.) शेवटी, भाड्याचा माल सोडून जाता येईना म्हणून कॅमेरा उचलला, कंबरेला लावला अन् दारालगतच्या ढाळजेतून थेट स्वयंपाकघरात ठेवलेले रुखवताचे लाडू गाठले. बटण बंद करायचं राहून गेलं, अन् चोरी कॅसेटवर आली. लाडू कमी भरले म्हणून व्याह्यांपुढं तुझी मान खाली गेली, तेव्हा मी तुझ्याच शेजारी उभा राहून आचाऱ्याला नावं ठेवत होतो.

गेल्या महिन्यात पुतणी पुनमनं ट्रंक उघडली. (नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. दोन वर्षं लातूरच्या क्लासात घासून निघालेली, काही सोडत नाही.) चालत्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून घराचा आकार काढायचा, हा तिचा प्रोजेक्ट. चालताना जवळचा खांब भर्रकन मागं जातो, लांबची भिंत सावकाश. तेवढ्यावरून भिंत कुठं होती अन् कॅमेरा कुठून कसा गेला, दोन्ही कॉम्प्युटर सांगतो. माझ्या तीन तासांच्या झूममधून, कॅमेरा जागचा हललाच नाही म्हणून, काहीच निघालं नाही, नवरानवरी पापडासारखी सपाट. निघालं ते लाडवांच्या त्या चार मिनिटांतून. ढाळज, खांब, कोनाडा, चूल, सगळं ठिपक्याठिपक्यांनी उभं राहिलं, अन् मधून कॅमेऱ्याच्या वाटेची लाल रेघ, मांडवातून लाडवाच्या डब्यापर्यंत. पुनमनं विचारलं, काका, हिकडं कुठं चालला होतात? मी पाणी प्यायला उठलो.

हलणारं त्यात येत नाही म्हणे. पोरंबाळं, वाढपी, सगळे पुसले गेले. पण चुलीजवळ एक बाई बसलेली आहे. तुझी आई, शांतम्मा. विधवा म्हणून मांडवात आल्या नाहीत, दिवसभर तिथंच. मी डब्यात हात घातला, तो त्यांनी बघितला, अन् ओरडल्या नाहीत, हलल्याही नाहीत. म्हणून तेवढ्या आल्या. मी लई रडलो. चार लाडवांपायी मी तुझी आई ट्रंकेत दडवून ठेवली. माफी कुठल्या तोंडानं मागू?

तुझा (अजून असलो तर),
ग्यानोबा

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. चित्रांवरून आकार निघतो, माप निघत नाही. घर आहे का काडेपेटी, कॉम्प्युटरला सारखंच. एखाद्या वस्तूचं खरं माप लागतं. आईशेजारी तुमची पितळी घागर आहे, तीच, जी ढिगाऱ्यातून पोटाला चेपलेली पण उंचीला शाबूत निघाली. तिची उंची टेपनं मोजून कळव. मग दार केवढं अन् आई केवढी, सगळं निघेल. पुनमनं लाल रेघ पुसू का विचारलं. मी नको म्हणालो.

ता. क. दुसरा. चार लाडू मी घेतले. पाचवा आईनं स्वतः उचलून माझ्या हातावर ठेवला. हात हलला, म्हणून तो ठिपक्यांत आला नाही, अन् कॅसेटवर माझ्याच हाताआड झाला. तेवढं माझ्या शब्दावर मान.