दोघांच्या नावावरचे दोनशे शेअर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कमरेने परवानगी दिली नाही. उभ्याने घातलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? (नऊ वर्षांपूर्वी दोन्ही बरे होते. त्यानंतरचे मला कळलेले नाही.) आम्ही ठीक आहोत. माझे खालचे तीन दात गेले, त्यामुळे हल्ली बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते.

विषय बाबांच्या शेअरचा. टेलिफोन कंपनीच्या तारा जोडण्यात बाबांनी हयात घालवली आणि निवृत्त होताना मिळालेले दोनशे शेअर आपल्या दोघांच्या नावावर करून ठेवले, म्हणजे आपण भांडणार नाही. (त्यांचे एवढे एकच जोडकाम टिकले नाही.) तू म्हणालास विकू, मी म्हणालो ठेवू, आणि तू अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेलास. त्यानंतर भाव खाली गेला, मग आणखी खाली, आणि आता हळूहळू वर येऊन बरोबर त्या दिवशीच्या आकड्यावर उभा आहे. म्हणजे प्रश्न तोच आहे, म्हातारे फक्त आपण झालो.

दात बसवायला पैसे हवेत, म्हणून या वेळी नीट चौकशी करायची ठरवली. न्हावी म्हणाला, विकून टाका. पण वाढलेले दिसले की उतरवायचे, हा त्याचा धंदाच. दातांच्या डॉक्टरांचे मत उलट पडले: दुखत नाही तोवर हात लावू नये. त्यांचा हात तेव्हा माझ्या तोंडात होता, त्यामुळे वाद झाला नाही. शेवटी कंपनी आतून पाहावी म्हणून तिचेच मोबाइलचे कनेक्शन घेतले. आमच्या घरात ते फक्त न्हाणीघरात चालते, तेही स्टुलावर उभे राहिले तर. तक्रार करायला फोन लावला, तर माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे एक यंत्र चाळीस मिनिटे सांगत राहिले. ग्राहक म्हणून मी स्टुलावरच विकायचे ठरवले. उतरताना मात्र लक्षात आले, की एकाही माणसाला पगार न देता कंपनीने मला चाळीस मिनिटे थोपवून धरले होते. मालक म्हणून ते मला आवडले. मी पुन्हा चढलो. ही टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी होती. म्हणाली, "आधी बाहेर या, मग श्रीमंत व्हा."

तर बाहेर आल्यावर माझे मत झाले आहे, की विकावेत. नऊ वर्षांपूर्वीही विकायलाच हवे होते. तुझे बरोबर होते. (या दोन वाक्यांपायी दोन कागद वाया गेले, हा तिसरा.)

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. विक्रीचा फॉर्म सोबत आहे. माझी सही झाली आहे. तुझी जिथे हवी तिथे पेन्सिलीने फुली केली आहे.

ता. क. २. गेल्या गुरुवारी शेअरच्या कचेरीत गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी त्यांच्याकडची तुझी सही दाखवली. बाविसाव्या वर्षीची आहे, शेवटच्या अक्षराला पतंगासारखी शेपटी. आता तशी येते का? बाई म्हणाल्या, "जुळली तर टपालानं काम होईल. नाही जुळली, तर दोघांना बरोबर यावं लागेल." मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कचेरीत बाक एकच आहे, पण त्यावर दोघे मावतात. समोर चहा बरा मिळतो.

ता. क. ३. सही जुळवायच्या फार मागे लागू नकोस. दातांना घाई नाही.