तिसरा चिंचोका

लालबाग, मुंबई
ता. ८ एप्रिल १९५७, सोमवार

चि. भिवा यास आईचा आशीर्वाद.

इकडे सगळे खाऊनपिऊन आहेत. बकुळेचा दात पडला, तो तिने तुला दाखवायला डबीत ठेवला आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत, त्यांची चौकशी करू नये. तुझं पत्र शनिवारी पोचलं. अहमदाबादेत खोली मिळाली, बरं झालं. अक्षयतृतीयेच्या आत कांताला आणि बकुळेला गाडीत बसवून दे, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर पुढे येईल. आधी चाळीची बातमी ऐक.

एरवी मी सासू सांगते आणि कांता सून लिहिते. आज ती शिवलेली झबली पोचवायला करी रोडला गेली आहे, म्हणून मीच बसले. माझी अक्षरं बकुळेच्या पाटीवर शिकलेली आहेत. वाकडी दिसली तर मान वाकडी करून वाच.

म्युनिसिपालटीची निवडणूक तोंडावर आली आहे. समितीने सांगितलं, वॉर्डातल्या प्रत्येक चाळीने एकेक नाव द्या, त्यातून आम्ही उमेदवार निवडू. झालं! संयुक्त महाराष्ट्र सगळ्यांना एकच हवा, पण नाव प्रत्येकाला आपलंच हवं. आपल्या चाळीतून पाच जण उभे राहिले. पाचही आपलेच, पाचही समितीचे, आणि एकमेकांकडे बघून थुंकायला लागले.

पहिला बाबुराव. तू जाताना त्याचं फक्त बोलणं मोठं होतं, आता गळाही मोठा झाला आहे. जेवताना मीठ मागायचं तरी "बंधूंनो" म्हणून सुरुवात करतो. बायको म्हणते, घरात बंधू कोणी नाही, मीठ फळीवर आहे, उठा.

कोंडीराम तालमीतला, तो तुला माहीत आहे. त्याच्या छातीला चाळ घाबरते आणि तो बायकोला, कमलाबाईला घाबरतो. मी म्हटलं, याला मत दिलं तर ते शेवटी कमलाबाईलाच पोचणार, म्हणजे वाईट नाही. पण मग कमलाबाईच का नको? हे मी मोठ्याने म्हटलं तेव्हा सगळे हसले. मी हसले नव्हते.

धोंडू सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला. आला तो तिथली डाळ अजून सांगतो आहे. खडे किती, पाणी किती, कोणत्या दिवशी मिरची होती. देशासाठी डाळ खाल्ली, मान्य. पण आता दुसरं काही बोल की!

जगदीश बी. ए. झाला. अर्ज असा लिहितो की साहेबाने चौकटीत लावावा. परवा मला जिन्यात विचारतो, "आजी, तुम्ही कुठल्या माळ्यावर राहता?" त्याचा जन्म माझ्या समोरच्या खोलीतला. सुईणीला गरम पाणी मी दिलं.

आणि पाचवा फ्रँक, तळमाळ्यावरचा, रेल्वेच्या कारखान्यातला. मोर्च्यात पुढे बिगुल वाजवतो तो. माणूस सरळ, उधारी नाही, भांडण नाही. भाषण मात्र असं करतो की पुढच्या रांगेतल्याने मागे सांगावं लागतं.

मागच्या वेळी गणपतीचा अध्यक्ष हात वर करून निवडला, तेव्हा दोन डोकी फुटली होती. म्हणून या वेळी पंचांनी अक्कल लढवली. प्रत्येक खोलीला तीन चिंचोके. दोन पहिल्या पसंतीला, एक दुसऱ्या पसंतीला. तिन्ही एकाच्या पदरात टाकायचे नाहीत. म्हणजे म्हणे प्रत्येकाला शेजाऱ्याचाही विचार करावा लागेल. काल रविवारी सकाळी नळाच्या ओट्यावर भांडी मांडली आणि माझं जुनं लुगडं आडवं बांधलं. आत एकेकाने जायचं. वाचता न येणाऱ्याला कळावं म्हणून ज्याने त्याने आपल्या घरचं ओळखीचं भांडं आणलं. बाबुरावाचं घंगाळ, कोंडीरामाचा दुधाचा गडवा, धोंडूचा जर्मनचा मग. जगदीशने थर्मास आणला. त्याचं तोंड एवढंसं, निम्मे चिंचोके बाहेर घरंगळायचे. फ्रँकने बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात चिंचोका पडला की टण्ण! लुगड्याबाहेर सगळ्यांना कळायचं की फ्रँकला मिळालं. त्यामुळे देणारे बिचकायचे. मी आत गेले आणि दोन टाकले. टण्ण, टण्ण. बाहेरून बाबुराव म्हणाला, "सुंदराबाई, आम्हाला ऐकू आलं हो!" मी म्हटलं, "कान चांगले आहेत, आता तोंडाला विश्रांती दे."

आता खरी गोष्ट. ओट्यावर भांडी पाच नव्हती, सहा होती.

कांता रोज उजाडायच्या आधी कळशी ओळीत लावून येते, पहिला नंबर तिचाच. काल रविवार, पाणी उशिरा येणार, तरी सवयीने लावून आली. डोक्यावरची फडक्याची चुंबळ आतच टाकलेली होती. पुरुष मंडळींनी त्या कळशीच्या शेजारी आपली भांडी मांडली. दुसऱ्याचं भांडं ओळीतून हलवायचं नाही, हा चाळीचा कायदा तुला ठाऊक आहे, त्यापायी तुझ्याच बापाने एकाचा हात पिरगळला होता. कोणी हलवली नाही. मी मांडामांड बघत उभी होते. माझा हात एकदा कळशीकडे गेला. मग म्हटलं, राहू दे.

मोजायला बसले. घंगाळात बरे होते, गडव्यात बरे होते. कळशी कोणी मोजेना. शेवटी पोरींनी पाणी भरायला ती उचलली तर खुळखुळली. उपडी केली. भिवा, चुंबळीसकट चिंचोक्यांचा ढीग पडला. घंगाळापेक्षा दोन मुठी जास्त!

कसं झालं ते सांगते. दोन चिंचोके ज्याने त्याने आपल्या माणसाला दिले. तिसरा बाबुरावाच्या माणसाने कोंडीरामाला का द्यावा? दिला तर आपलाच पडायचा. मग टाक कांताच्या कळशीत, वाया तर वाया. चुंबळीमुळे आवाजही नाही. प्रत्येकाला वाटलं, ही चलाखी आपल्या एकट्याच्याच डोक्यात आली. बायकांचं मात्र तसं नव्हतं. कमलाबाई माझ्या कानात म्हणाली, "म्या तर तिन्हीबी तिच्यातच टाकले, आत्याबाई, कायदा गेला उडत." म्हणजे कोंडीरामाला घरचंही मत नाही!

बाबुराव उसळला. "ही काय उमेदवार आहे? ही तर पाण्याला उभी आहे!"

मी म्हटलं, "भांडं ओळीत आहे ना? मग नंबर आहे."

पंच एकमेकांकडे बघू लागले. फ्रँक पुढे झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मुंबई कोणाची विचारतात, तेव्हा आपण म्हणतो, जो राबतो त्याची. मग नळावर सगळ्यांत आधी कोण येतं?" आणि घरात जाऊन बिगुल घेऊन आला. तो वाजला तशी पंचांनी कांताची निवड मान्य केली.

तू विचारशील, कांताच का. तुला एक गोष्ट पत्रात कधी आली नाही. लिहिणारी तीच, स्वतःचं कसं लिहील? आणि तुला राग येईल म्हणून मीही सांगितलं नाही. मागच्या उन्हाळ्यात तिसऱ्या माळ्यावर पाणी चढेना. ही बायकांना घेऊन वॉर्डाच्या कचेरीत गेली आणि साहेबाच्या टेबलापुढे रिकामे हंडे मांडून बसली. साहेब म्हणाला, बाई, तुम्हाला काय कळतं? ही म्हणाली, "मला काही कळत नाही. तुम्ही फक्त एक भरलेली घागर आमच्या तिसऱ्या माळ्यावर न्या." साहेब तरुण होता, इरेला पेटला, आला आणि घागर उचलली. दुसऱ्या माळ्यावर बसला. आठवड्यात पाइप बदलला. तेव्हापासून लोक तक्रार घेऊन पंचांकडे जात नाहीत, शिवणाच्या मशीनपाशी येतात.

काल ढीग बघितल्यावर ती हसली. असं मोठ्याने, नळावर उभं राहून. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली, तिचे सगळे दात शाबूत आहेत हे मला काल कळलं. मग घरात आली. ट्रंक ओढली. तुझं पत्र आल्यापासून ती भरलेलीच आहे. तिने दोन लुगडी बाहेर काढली, घडी केली, परत आत ठेवली. मला म्हणाली, "आत्याबाई, पंचांना शनिवारी समितीला नाव कळवायचंय. मी काय सांगू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मला आयुष्यात कोणी काही विचारलं नाही, मला उत्तर द्यायची सवय नाही."

ती म्हणाली, "त्यांना लिहून विचारते."

म्हणून तिच्या आधी मी लिहिते आहे. ती लिहील ते गोड लिहील. येऊ का, राहू का, तुमची मर्जी. तू फुगशील आणि ये म्हणशील, ती येईल. आली की तुझी भाकरी वेळेवर होईल आणि ती पुन्हा तशी हसायची नाही. मी तिला थांब म्हटलेलं नाही, जा पण म्हटलेलं नाही. मला एकटीला राहायला भीती वाटते म्हणून लिहिते असं समजू नकोस. मला कसली भीती? खोलीत ढेकूण आहेत सोबतीला.

तू तिथे मिलमध्ये जॉबर झालास, हाताखाली माणसं आली, चांगलं आहे. इथली मिल सुटली तेव्हा मीच म्हटलं होतं जा. पण तिकडची माणसं आपलं राज्य वेगळं मागतात, इकडची आपलं वेगळं मागतात, आणि मध्ये तू बसून बायको मागतोस. काही तरी एक ठरव.

पत्रासोबत पाकिटात एक चिंचोका घातला आहे. आपल्या खोलीला तीन मिळाले होते. दोन फ्रँकला दिले ते सांगितलं. तिसरा हातात धरून मी लुगड्याआड उभी राहिले. कळशी समोर होती, एवढंसं वाकायचं होतं. पण खोली तुझ्या नावावर आहे आणि बायको तुझी आहे. मी मूठ बंद करून बाहेर आले. हा तुझा आहे. पोस्टाने परत पाठवू नकोस, टपालातून आलेला चिंचोका पंच धरायचे नाहीत. टाकायचा तर शनिवारच्या आत इथे येऊन, ओट्यासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत टाक. कळशी जिथे आहे तिथेच आहे. नसेल टाकायचा तर तेही इथे येऊन तिच्या तोंडावर सांग, ट्रंक मी स्वतः गाडीत चढवून देईन.

आलास तर चार दिवसांची रजा काढून ये. भिंतीवर कांताच्या नावाचे कागद चिकटवायचे झाले तर खळ शिजवायला माणूस लागेल. तू लहानपणी गणपतीत शिजवायचास ती गुठळी न होणारी, अजून कोणाला जमत नाही.

कांता जिना चढते आहे, तिच्या चपलेचा आवाज ओळखते मी. पाकीट बंद करते.

दोन चिंचोके देऊन एक तुझ्यासाठी राखलेली,
तुझी आई